बसलेलीचं पान

सर वारल्याची बातमी मला आजवर दोन-तीनदा मिळाली आहे, आणि एकदाही मी ती खरी मानलेली नाही. कोणी म्हणालं, रायपूरला लेकाकडे असताना गेले. कोणी म्हणालं, बोदलकशाच्या तलावावर फिरायला गेले ते परत आलेच नाहीत. मग त्याच महिन्यात आमच्यातलीच एखादी फोन करून सांगते की सर गोंदिया स्टेशनवर दिसले, प्लॅटफॉर्मच्या पार टोकाला, एका रिकाम्या बाकाशी बोलत होते. मी कोणाशीच वाद घालत नाही. माणूस मेला हे लोक किती झटपट ठरवून टाकतात ते मला चांगलं ठाऊक आहे, कारण मी स्वतः एकदा मेले होते. फार नाही, दिवसभर. आणि त्यालाही सरच कारण होते.

गोंदियातल्या ज्या कॉलेजात मी शिकले त्याचं नाव सांगण्यात अर्थ नाही. इमारत बरी होती, वाचनालयात पुस्तकांपेक्षा पाली जास्त होत्या, आणि मागे एका राइस मिलच्या भिंतीला लागून सिमेंटचं बास्केटबॉलचं कोर्ट होतं. हे कोर्ट म्हणजे सरांचं राज्य. ते खेळ विभागाचे प्रमुख, आणि त्या विभागात त्यांच्याशिवाय दुसरं कोणी नव्हतं. उंच, वाळलेले, बारा महिने एकच मरून रंगाचा ट्रॅकसूट. गळ्यात शिट्टी, तिच्यातला दाणा कधीचाच पडून गेलेला. ते शिट्टी फुंकायचे तेव्हा नुसती हवा यायची, धाप लागलेल्या माणसासारखी. तरी आम्ही पोरी कोर्टाच्या दुसऱ्या टोकाला असलो तरी जागच्या जागी थांबायचो. नवीन शिट्टी आणा म्हटलं की म्हणायचे, "तुमाले ऐकू येते ना? मंग कायले पायजे?"

ते कोणालाच नावानं हाक मारत नसत. ज्याचं जे गाव तेच त्याचं नाव. आमची कॅप्टन आमगाव, तिच्या बरोबरीची गोरेगाव, मी चिचगड. प्राचार्यांनासुद्धा ते पाठीमागे साकोली म्हणायचे. "नावाचं काय घेऊन बसली? लग्न झालं का नाव बदलते. गाव कोन बदलते?" असं त्यांचं म्हणणं. म्हणून त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरकडून आमच्या जर्स्यांच्या पाठीवर गावं लिहून घेतली होती. आम्ही कोर्टावर धावत निघालो की तालुक्याच्या बसस्टँडवरची पाटीच धावत सुटल्यासारखी वाटायची, आणि समोरची टीम हसायची. हसून घ्यायची अन् मग हरायची.

आणखी एक खोड होती. कोणत्याही खुर्चीवर बसण्याआधी ते वाकून हळूच विचारायचे, "बसू का?" समोर कोणी नसायचं. काही वेळा बसायचे, काही वेळा काहीतरी ऐकल्यासारखी मान हलवून बाजूला उभे राहायचे. स्टाफरूमच्या अख्ख्या मीटिंगभर सर भिंतीला टेकून उभे आणि शेजारी खुर्ची रिकामी, हे सगळ्यांच्या सवयीचं झालं होतं. नवीन लागलेला एखादा प्राध्यापक त्या खुर्चीवर बसायला गेला तर जुने लोक त्याचा हात धरून दुसरीकडे बसवायचे. सर वेडे आहेत असं सगळेच म्हणत, पण त्या खुर्चीवर मात्र कोणी बसत नसे.

आता माझं. मी आधी देवरीच्या कॉलेजात होते. तिथली टीम मोडली, कारण खेळ शिकवणारे सर बदली होऊन गेले आणि त्यांच्या जागी कोणी आलंच नाही. एका स्पर्धेत आमच्या सरांनी मला पाहिलं होतं. ते चिचगडला घरी आले, अंगणात उभे राहिले, खाटेला "बसू का?" विचारलं, आणि न बसताच माझ्या बाबांना म्हणाले, "पोरगी द्या. शिकवतो, खेळवतो, राह्याचं खायचं कॉलेज पाहील. पन एक वर्ष तिले बसा लागन."

हे बसणं म्हणजे काय ते सांगायला हवं. चालू शिक्षणात एक कॉलेज सोडून दुसऱ्यात गेलेल्या खेळाडूला पहिलं वर्षभर नव्या कॉलेजकडून मॅच खेळता येत नसे, असा तेव्हा आमच्याकडे नियम होता. प्रॅक्टिस करा, घाम गाळा, पण मॅचच्या दिवशी बाहेर. अशा पोरीला सर 'बसलेली' म्हणत. आणि या बसलेलीला खेळाडूची शिष्यवृत्ती द्यायची की नाही, म्हणजे तिची फी, होस्टेल आणि मेस कॉलेजनं सोसायचं की नाही, यावरून सरांचं आणि संस्थेच्या सचिवांचं वर्षानुवर्षं वाजत होतं. माझ्यासाठी हा वाद तोंडी लावायचा नव्हता. घरी धानाचं जेमतेम वावर, माझ्यामागे दोन भावंडं. शिष्यवृत्ती असेल तर शिक्षण, नाही तर घरी जाऊन रोवणीला उभं राहायचं आणि पुढच्या उन्हाळ्यात लग्न, इतका साधा हिशेब होता.

सचिव वाईट माणूस नव्हते. त्यांची स्वतःची मिल होती, आणि जो काम करतो त्यालाच मजुरी हे त्यांना जन्मापासून माहीत होतं. एकदा कोर्टावरच, आमच्यासमोर, ते सरांना म्हणाले, "देखो सर, खेळत नाही तर डाएट कायचा? माझ्या मिलमध्ये कोनी बसून राहिला तर मी त्याले जेवू घालू का?"

सर म्हणाले, "तुमी धान घेता, धान लावत नाही, मनून असं बोलून राहिले. पऱ्ह्याचं रोप उपटून बांधीत रोवलं का धान पिवळं पडते. आठ-दहा दिवस मेल्यावानी दिसते. तवा पानी तोडते का कोनी? तवाच तर पानी लागते."

"धान अन् पोरगी एक आहे का?"

"नाही. धान बोलत नाही, पोरगी रडते."

सचिव हसले, पण पटलं नाही. आणि खरं सांगायचं तर आमगावलाही पटत नव्हतं. ती तोंडावर बोलणारी. मला म्हणाली, "राग नोको धरू, पन आमी गुडघे फोडून खुराक कमावतो अन् तू बसून खातेस. माही लहान बहीन इथंच शिकते. तिले कोनी देते का?" मला तेव्हा तिचा राग आला, आणि रात्री अंथरुणात वाटलं की ती खोटं काय बोलली? मी कोणाचंतरी खाते आहे असं त्या वर्षभर मला मेसमध्ये प्रत्येक घासाला वाटायचं.

टीम बाहेरगावी मॅचला गेली की सरांचा मला एक हुकूम असे. इकडे मी मॅचच्या वेळी बूट घालून कोर्टाच्या कडेला बसायचं, आणि मॅच संपेपर्यंत उठायचं नाही. का, ते विचारायची सोय नव्हती. "बसलेली बसली नाही तर टीमचं एक मानूस कमी पडते," एवढंच ते म्हणत. भर दुपारी, मिलची घरघर ऐकत मी एकटी बसायचे. मिलच्या धुराड्यातून कोंड्याची राख उडून कोर्टावर पडत राहायची, आणि कोणी खेळत नसलं की थोड्या वेळात सगळं सिमेंट राखाडी होऊन जायचं.

अशाच एका दुपारी मी बसले होते. डोळा लागला असेल, नाही म्हणत नाही. जागी झाले तेव्हा कोर्टावरच्या राखेत बुटांचे ठसे होते. बास्केटच्या खाली, माझी जागा असते तिथे. तिथून रिंगकडे घेतलेल्या उडीचे, मग खाली उतरल्याचे, मग मागे धावत गेल्याचे. पण कोर्टात येणारा एकही ठसा नव्हता आणि बाहेर जाणाराही नव्हता. माझे बूट मी वर करून पाहिले, तळ स्वच्छ होते. त्या ठशांशेजारी माझा पाय ठेवून पाहावा असं मनात आलं, पण हिंमत झाली नाही. मी पाय पोटाशी घेऊन संध्याकाळपर्यंत तशीच बसून राहिले, आणि टीम परत आली तेव्हा मला इतकं बरं वाटलं की आमगावच्या गळ्यात पडून रडले. ती म्हणाली, "पागल झाली का वो? आमी जिंकलो."

टीमबरोबर बाहेर काय चालतं ते मला तोवर माहीत नव्हतं. ते आमगावनंच एक दिवस कपडे धुताना सांगितलं. मॅचला सर बेंचशेजारी एक खुर्ची वेगळी मांडत आणि तिच्या पाठीवर माझी जर्सी चढवत. मधूनच त्या खुर्चीकडे वळून "कोपर सांभाळ" किंवा "पानी पी" म्हणत. परतताना कोहमाऱ्याच्या एका ढाब्यावर जेवायला थांबायचं ठरलेलं. तिथंही तीच खुर्ची, तीच जर्सी, आणि पुढ्यात भरलेलं ताट. आधी बसलेलीचं पान वाढायचं, सगळ्यांनी खाली मान घालून थोडा वेळ गप्प राहायचं, मग बाकीच्यांनी जेवायचं. ढाबेवाल्याला नवल उरलं नव्हतं. दरसाल गाव बदलतं, ताट तेच, असं तो म्हणायचा. जेवणं झाल्यावर सर ते ताट स्वतः उचलून मागे पिंपळाखाली ठेवत. "तिथं ढाब्यावर केवढे कुत्रे आहेत तुले मालूम आहे ना?" आमगाव म्हणाली. "एकही शिवत नाही वो त्याले. लांब बसून पाह्यतात."

आमच्याकडे माणसाच्या कपड्यापुढे पान वाढतात ते कधी, हे चिचगडच्या शेंबड्या पोरालाही कळतं. मी तशीच ओल्या हातांनी सरांकडे गेले आणि म्हणाले, "सर, मी जिती आहो. माझं पान काऊन वाढता?"

सर माझ्याकडे वळले. त्यांची नजर माझ्यावर नव्हती, माझ्या डाव्या खांद्याशेजारी होती. मग म्हणाले, "मेलेल्याले सगळेच वाढतात. जित्या मानसाले, जो बसून आहे त्याले, कोन वाढते?" आणि दाणा नसलेली शिट्टी फुंकून प्रॅक्टिसला निघून गेले. मला त्यांची भीती वाटली, आणि मायाही वाटली. दोन्ही एकाच वेळी वाटू शकतात हे मला त्यांच्यामुळे कळलं.

दिवाळीच्या आसपास सचिवांनी शेवटी निकाल लावला. जी खेळत नाही तिची शिष्यवृत्ती बंद. टीम साकोली गावाच्या पुढं मॅचला गेली होती त्याच दुपारी होस्टेलच्या मॅडमनी मला बोलावून सांगितलं, उद्या सकाळी खोली खाली कर. त्यांचाही जीव तुटत होता, पण त्या तरी काय करणार. संध्याकाळी टीम आली. सरांना हे कळलं तसे ते तडक घरी निघून गेले. सकाळी मी पेटी घेऊन बसस्टँडवर गेले. चहासुद्धा प्याले नाही. घरी जाऊन काय सांगायचं ते वाटभर जुळवत होते आणि मोडत होते.

मला काय माहीत, की घरी त्याआधीच वेगळं काही पोहोचलं होतं! आदल्या दिवशी टीम कोहमाऱ्याला जेवायला थांबली तेव्हा आमच्या गल्लीतला, नात्यानं मामा लागणारा, काळी-पिवळी जीपवर सवाऱ्या नेणारा एक ड्रायव्हर तिथं चहा प्यायला उतरला होता. त्यानं पाहिलं, की पोरी खाली मान घालून मुकाट बसल्या आहेत, मधल्या खुर्चीवर पाठीला 'चिचगड' लिहिलेली जर्सी आहे आणि पुढ्यात पान वाढलेलं आहे. चिचगडची त्या कॉलेजात मी एकटीच. दुसऱ्या कोणी असतं तर जाऊन विचारलं असतं. पण मयताच्या पानाशी बसलेल्या माणसांना, कोण गेलं, कसं गेलं, असं आमच्याकडे विचारत नाहीत. त्या भल्या माणसानं चहा तसाच सोडला, हात जोडले आणि गाडी थेट गावाकडे वळवली. गावात तेव्हा कोणाकडे मोबाईल नव्हता. पोरगी गेली अन् कॉलेजवाल्यांनी दाबून टाकलं, एवढं गावानं आपलं आपण ठरवलं. उजाडताच बाबा देवरीला गेले, कोरं पांढरं कापड घेतलं आणि मला आणायला गोंदियाला निघाले. त्यांची जीप आणि माझी बस वाटेत कुठेतरी एकमेकींना ओलांडून गेल्या असणार.

देवरीला बस बदलायला बराच वेळ थांबून मी उतरत्या दुपारी चिचगडच्या चौकात उतरले. पानठेल्यावरचे लोक माझ्याकडे पाहून एकेक करून उठले आणि चालते झाले. ओळखीची म्हातारी समोरून येत होती, तिनं डोळे मिटून घेतले आणि मी पुढे जाईपर्यंत मिटूनच उभी राहिली. आमच्या अंगणात बायका जमल्या होत्या. मी फाटकात पेटी ठेवली तसं त्यांचं रडणं कापल्यासारखं थांबलं. आई ओट्यावर होती. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. तिनं आधी माझे पाय पाहिले, पंजे पुढे आहेत की मागे. बराच वेळ पाहिले. मग उठून आली, माझा अंगठा जोरात दाबला, मी "आई वो!" म्हणून ओरडले, तेव्हा तिनं मला कवटाळलं. मला मारलंही. त्या दिवसाइतकं प्रेम आणि त्या दिवसाइतका मार मला पुन्हा मिळाला नाही.

तिकडे गोंदियात काय झालं ते मला ऑफिसातल्या शिपायानं नंतर सांगितलं. बाबा कापडाची घडी काखेत घेऊन दुपारी कॉलेजात शिरले आणि म्हणाले, चिचगडची पोरगी कुठं आहे. शिपायाला मी गेल्याचं माहीत होतं, पण त्या माणसाचा चेहरा पाहून त्याला बोलवेना. त्यानं त्यांना कोर्टावर सरांकडे नेलं. सरांनी कोर्टाच्या कडेला खुर्ची मांडली होती, जर्सी चढवली होती, आणि स्वतःच्या डब्यातला वरण-भात ताटात वाढून तिच्यापुढे ठेवला होता. संस्थेनं बंद केलं म्हणून बसलेलीचं पान बंद होत नाही, असं ते सकाळपासून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, बाबांनाही तेच ऐकवलं. बाबांनी विचारलं, "माही पोरगी?" सरांनी खुर्चीकडे बोट केलं. "बसली आहे."

"मले वाटलं आता तुझा बाप सरांच्या नरड्याले धरते," शिपाई म्हणाला. "पन तो उभाच राह्यला. त्या रिकाम्या खुर्चीकडे पाह्यत. मंग डोळे पुसले, अन् हासला. मले विचारते, पोरींचं जेवन ज्याच्या हातात आहे तो मानूस कुठं बसते?"

बाबा सचिवांच्या खोलीत गेले आणि ते कोरं कापड टेबलावर ठेवलं. म्हणाले, "हे मी पोरीसाठी आनलं होतं. पोरगी जिती आहे. मयताचं कापड वापस घरी नेता येत नाही. अन् इथं समजलं का तुमी तिचं जेवन तोडलं. तर हे तुमच्यापाशीच राहू द्या. ज्यानं पोरीचं जेवन तोडलं त्यानं तिचं कफन सांभाळावं." सचिवांनी खुर्ची मागे ढकलली ती भिंतीला जाऊन लागली. ते कापड उचलायला ऑफिसातलं कोणीच पुढे येईना. दारात सर उभे होते. म्हणाले, बसलेलीचं चालू करा, मी नेतो. सचिवांनी कपाळावरचा घाम पुसत चालू केलं, माझंही आणि माझ्यानंतर बसणाऱ्या प्रत्येकीचं. सरांनी घडी उचलली. पुढच्या आठवड्यात आमच्या सगळ्यांच्या गुडघ्यांना बांधायला कोऱ्या पांढऱ्या पट्ट्या मिळाल्या. त्या कुठून आल्या ते आम्ही कोणी विचारलं नाही. त्या बांधून मात्र एकीचाही गुडघा कधी फुटला नाही.

बाबा दिवस मावळायच्या आत घरी आले. मी ओट्यावर होते. अख्खं गाव अंगणात, आता बाप लेकीला पाहून काय करतो म्हणून वाट पाहत होतं. त्यांनी काहीच केलं नाही. पाय धुतले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "माह्या आधी कशी पोचली तू? उद्या वापस जा. तुझं चालू झालं."

आई उसळली. "आता नाही पाठवत मी तिले! जित्या पोरीचं पान वाढतात तिथं!"

"वाढतात ना," बाबा शांतपणे म्हणाले. "मी पाह्यलं. खुर्चीत बसून होती. बूट घातलेले. भाताच्या मधात खड्डा करून वरन घेते ना ते, तसंच घेतलं होतं. खाली मान घालून जेवून राह्यली होती. मी हाक मारनार होतो, पन मनलं जेवू दे." त्यांनी आईकडे पाहिलं. "भरल्या पानावरून पोरीले उठवून आनू का मी?"

आईचा हात माझ्या मनगटावर होता, तो तिनं हळूच काढून घेतला.

बाबांनी मला तिथं जेवताना पाहिलं त्या वेळी मी देवरीच्या स्टँडवर पेटीवर बसून होते, उपाशी. हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांच्या हयातीत कधीच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आईनं मला पाठवलं नसतं, आणि मला जायचं होतं. सकाळी तिनंच माझी पेटी डोक्यावर घेतली आणि काळी-पिवळीपर्यंत आणून दिली.